पास्त्यावर भडंग घाला, पण ताटात, कढईत नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एक ताई, नोकरी करून साडेसातला घरी पोचतात, मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, सासरे घरी आणि नवरा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सेकंड शिफ्टला म्हणजे रात्री बारानंतर येणार. पोरांना आठवड्यातनं एकदा पास्ता पाहिजे म्हणजे पाहिजेच. तर तीन तक्रारी आहेत, एक म्हणजे पास्ता गोळा होतो, दुसरी म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून वरनं वेफर्स चुरून घातले तर ते दोन मिनिटांत लिबलिबीत, आणि तिसरी सासऱ्यांची, "ह्यात चावायला काय हाय? पेशंटचं जेवण हाय हे." अर्ध्या तासात सगळ्यांना चालेल असं काय करता येईल.

मी गेली 19 वर्षं डबे करते, त्यातली शेवटची सात-आठ वर्षं बुधवारचा एक पोरांचा डबा पास्त्याचा असतो, त्यामुळं पास्ता बिघडवायच्या जेवढ्या पद्धती आहेत तेवढ्या मी सगळ्या करून झालेल्या आहेत. आणि सासऱ्यांच्या तक्रारीवर आधी बोलते, कारण मला विचाराल तर बरोबर तेच आहेत. नुसता मऊ, ओला, गरम पदार्थ आपल्याकडं कुणाला जात नाही. मिसळीत फरसाण नसेल तर ती उसळ, भेळेत कडक काय नसेल तर ती काय खायची, आमटी-भाताबरोबरसुद्धा पापड लागतोय. पोरांना ते सांगता येत नाही म्हणून ती पास्ता खाताना मधेच उठून कुरकुऱ्यांचं पाकीट शोधतात, म्हातारी माणसं तोंडावर सांगतात, एवढाच फरक.

आणि हे फक्त आपल्याकडचंच खूळ आहे असं समजू नका. इटलीच्या दक्षिणेला, सिसिली आणि कालाब्रिया भागात, शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात लसणीवर परतून पास्त्यावर घालायची जुनी पद्धत आहे. चीज महाग, ते परवडायचं नाही, मग गरीब घरात चीजच्या जागी हा कुरकुरीत चुरा. मोल्लिका म्हणतात त्याला, म्हणजे पावाच्या आतला मऊ भाग. अमेरिकेत घरोघरी ट्यूना मासा आणि नूडल्स भाजून करतात त्याच्यावर बटाट्याचे वेफर्स चुरून घालतात. म्हणजे तुम्हाला वेफर्सचं ज्यानं कुणी सांगितलं त्यानं चूक नाही सांगितलं, अर्धंच सांगितलं. तिकडं तो पदार्थ ओव्हनमधे जातो, वरनं कोरडी धग लागते, त्यामुळं वरचा थर वाळत राहतो. तुम्ही घातले वाफाळत्या कढईत, वर झाकण ठेवलं असणार. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन खाली पडते, मग वेफर्सचं काय होणार.

इथंच सगळं गणित आहे म्हणून जरा थांबते. शेव, वेफर्स, भडंग (म्हणजे आपले शेंगदाणे घातलेले, तिखट-लसणीचे चुरमुरे) यांच्यात पाणी असतं जेमतेम 2 ते 4 टक्के. शिजलेल्या पास्त्यात निम्म्याहून जास्त पाणी. दोन्ही एकमेकाला लागले की पाणी ओल्याकडनं कोरड्याकडं जाणारच, तुम्ही कितीही महागातलं पाकीट आणा. आपल्या हातात फक्त दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे दोघांची गाठ उशिरा घालून द्यायची, आणि दुसरी म्हणजे मधे तेला-तुपाचा पडदा ठेवायचा. खासबागेत भेळवाला काय करतो बघा, सगळं कोरडं डब्यात वेगळं, चिंचेचं पाणी वेगळं, तुम्ही समोर उभं राहिल्यावर कालवतो आणि कागदात हातात देतो, आणि आपण तिथंच उभं राहून खातो. पार्सल नेलेली भेळ घरी जाऊन कशी लागते ते सगळ्यांना माहीत आहे. पास्त्याला तोच नियम लावायचा.

मी हे एकदा तोंडावर आपटून शिकले. पुतण्याच्या वाढदिवसाला 25 पोरं होती, मी हुशारी केली, पास्ता करून मोठ्या पातेल्यात त्यातच अर्धा किलो भडंग मिसळून ठेवलं, म्हटलं वाढताना घाई नको. केक कापेपर्यंत अर्धा तास गेला. झाकण काढलं तर चुरमुरे सगळे पास्त्याचं पाणी पिऊन फुगून बसलेले, लाल लगदा. माझे मामा, म्हणजे सासरे, डोकावून म्हणाले, "सुशीला केलाईस व्हय?" सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ. अजून घरात पास्त्याला सुशीला म्हणतात.

आता कृती सांगते पण वजन-मापासकट, कारण "अंदाजानं घ्या" म्हटलं की घोळ होतो. चौघांना 300 ग्रॅम कोरडा पास्ता पुरे. इटलीत माणशी 80 ते 100 ग्रॅम धरतात पण तुमच्यात एक दुसरीतला आहे आणि वरनं शेंगदाणे-शेव पण पडणार. बारानंतर येणाऱ्या माणसाचे 100 ग्रॅम वेगळे धरा, त्याचं शेवटी बोलते. पाकीट घेताना मागं वाचा, ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं असेल तर तेच घ्या. सुटा मिळणारा स्वस्त पास्ता बऱ्याचदा मैद्याचा असतो, तो दोन मिनिटं जास्त झाला की फुटतो, आणि निम्मं "गोळा होतो" तिथनं सुरू होतं. आकार स्प्रिंगवाला घ्या, फुसिली म्हणतात तो. त्याच्या पिळात चुरा अडकून बसतो, नळीसारख्या पेनेवरनं घसरून ताटात खाली जातो आणि मग पोरं चमच्यानं नुसता चुरा खातात आणि पास्ता तसाच.

घरात पाय टाकल्या टाकल्या, पर्स ठेवायच्या आधी, पाणी ठेवा. 300 ग्रॅमला अडीच लिटर. केटल असेल तर निम्मं त्यात आणि निम्मं गॅसवर, सात-आठ मिनिटं वाचतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, आपल्याकडं पाणी 98 अंशाच्या आसपासच उकळतं, फार फरक नाही पण पाकिटावर लिहिलेल्या वेळेत कधी कधी मिनिटभर कच्चा राहतो तो त्यामुळंही असू शकतो, म्हणून घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवा. मीठ तीन सपाट चमचे, चहाचा चमचा. पुस्तकात लिटरला 10 ग्रॅम लिहितात, त्या हिशोबानं चार व्हायला पाहिजेत, पण आपण पुढं चटणी, चीज, भडंग असं खारट खारट घालणार आहोत आणि हेच पाणी सॉसमधे जाणार आहे, म्हणून एक चमचा कमी. पाण्यात तेल घालू नका. सगळेजण घालतात, मीही घालायचे. ते वर तरंगतं, पास्ता पाण्यात खाली असतो, त्याला काडीचा उपयोग नाही, आणि गाळताना तेच तेल पास्त्याला चोपडून बसतं, मग सॉस धरत नाही.

गोळा होण्याचं खरं कारण पहिली दोन मिनिटं. पास्ता पाण्यात पडला की वरचा पिठूळ थर आधी चिकट होतो, आणि त्या वेळेला दोन तुकडे एकमेकाला टेकून बसले की ते जन्माचे चिकटले. पाणी खळखळ उकळत असतानाच टाका, आणि टाकल्यावर दोन मिनिटं तिथनं हलू नका, सारखं ढवळा. नंतर जावा कांदा चिरायला, काय होत नाही. पाकिटावर 10 मिनिटं लिहिली असतील तर 8 मिनिटांनी एक तुकडा काढून दातानं तोडून बघा, मधे पांढरा ठिपका दिसला पाहिजे टाचणीच्या डोक्याएवढा. तेवढा कच्चा राहू दे, तो पुढं सॉसमधे शिजणार आहे. गाळायच्या आधी एक फुलपात्र भरून ते पाणी बाजूला काढून ठेवा. विसरता म्हणून सांगते, फुलपात्र आधीच चाळणीत ठेवून द्या, म्हणजे गाळायला चाळणी उचलली की आठवतंय. आणि गार पाण्याखाली धरू नका. तो सॅलडचा प्रकार, गरम खायच्या पास्त्याला नाही, वरचा पिठूळपणा धुऊन गेला की सॉस घसरतो.

पाणी उकळून पास्ता शिजेपर्यंत सॉस आणि वरचं कुरकुरीत दोन्ही उरकतं. वरचं आधी करा कारण त्याला गार व्हायला वेळ लागतो, आणि गार झाल्याशिवाय ते कडक होत नाही. कालचा ब्रेड घ्या, दोन स्लाइस. आपल्याकडं मिसळीबरोबर पाव नाही ब्रेड खातात त्यामुळं सोमवारी प्रत्येक घरात पुडक्याच्या दोन कडा उरलेल्या असतातच, त्या तर एक नंबर. हातानं कुस्करा, मिक्सरमधे घातला तर फक्त दोनदा चालू-बंद, पीठ करायचं नाही, साबुदाण्याएवढे-शेंगदाण्याएवढे असे वेडेवाकडे तुकडे राहू देत. लोखंडी तव्यावर एक मोठा चमचा शेंगतेल, त्यात दोन पाकळ्या लसूण ठेचून, लसणीचा वास आला की चुरा टाकायचा आणि मंद ते मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहायचं. पहिली दोन मिनिटं वाटतं काय होईना झालंय, ब्रेडमधलं पाणी जात असतंय, त्याचा आवाज येतो बारीक चरचर, तो आवाज थांबला की मग भराभर रंग चढतो. तिथं फोन घ्यायचा नाही. बिस्किटाचा रंग आला की लगेच ताटात काढून पसरा, तव्यावरच ठेवला तर तव्याच्या गरमीनं पुढं जळतो.

आता त्याच गरम तव्यावर, गॅस बंद करून, दोन मुठी भडंग टाका आणि नुसतं हलवा. जयसिंगपूर-सांगलीकडचं असेल, घरचं असेल, कुठलंही. कशासाठी तर पाकीट फोडून चार दिवस झालेलं भडंग थोडं सादळलेलं असतं, जुलै-ऑगस्टात तर सकाळी फोडलेलं संध्याकाळी सादळतं, आपला पाऊसच तसा आहे. तव्याच्या उबेनं ती ओल निघून जाते. पावसाळ्यात गॅस मंद चालू ठेवून दोन मिनिटं, पण त्यातली चटणी आणि लसूण करपायला वेळ लागत नाही, नाक तिकडंच ठेवा. मग तेही ताटात पसरा. गार झालं की वाटीच्या बुडानं अर्धं भडंग हलकं चेचायचं, अर्धं तसंच, आणि ब्रेडचा चुरा त्यात मिसळायचा. ताटावर झाकण घालायचं नाही. हे शंभरदा सांगते तरी क्लासला येणाऱ्या पोरी झाकतातच, माशी बसेल म्हणून. पंखा लावा.

नुसतं भडंग का नाही, ब्रेड कशाला मधे, असं विचाराल. चुरमुरा म्हणजे आत सगळी हवा आणि भिंत कागदासारखी, ओल लागली की तो सगळ्यात आधी बसतो. त्याच्या मागोमाग बारीक नायलॉन शेव, मग वेफर्स, मग जाडी शेव, मग पापडी, आणि शेंगदाणा काय शेवटपर्यंत हार मानत नाही. तेलात परतलेला ब्रेडचा चुरा या रांगेत बऱ्यापैकी मागं आहे, तेल पिलेला असतो आणि दाट असतो, दहा मिनिटं सहज टिकतो. दुसरीतलं पोरगं एक ताट संपवायला किती वेळ लावतंय तुम्हालाच माहीत. चुरमुऱ्याची चव पहिल्या पाच घासांना, ब्रेडचा कुरकुरीतपणा पुढच्या पंधरा घासांना, आणि अधेमधे दाताखाली शेंगदाणा, असा हिशोब आहे तो.

सॉस. टोमॅटो सहा मध्यम, साधारण 600 ग्रॅम. चिरत बसू नका, उकडून साल काढत तर अजिबात बसू नका. आडवा अर्धा कापा आणि कापलेली बाजू किसणीवर घासा, गर सगळा खाली पडतो आणि साल तळहाताखाली तशीच राहते, सहा टोमॅटो दोन मिनिटांत. साल शेवटी पातळ होते तिथं तळहात सपाट ठेवा, बोटं वाकवली की किसली जातात. कढईत दोन मोठे चमचे तेल, आठ-दहा पाकळ्या लसूण बारीक चिरून, एक कांदा अगदी बारीक, तो गुलाबी झाला की गॅस बारीक करा आणि मग चटणी. चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली. बाहेरगावच्या लोकांनी वाचलं तर त्यांच्यासाठी, आम्ही मसाल्यालाच चटणी म्हणतो. पोरांसाठी एक छोटा चमचा पुरे, तीही ब्याडगी जास्त असलेली असेल तर. संकेश्वरी मिरचीची झणझणीत असेल तर अर्धाच. ही चटणी गरम तेलात सुकी टाकली की दहा सेकंदात काळी पडते आणि कडवट होते, म्हणून टाकल्या टाकल्या टोमॅटोतला एक डाव रस त्यावर ओता. मग उरलेला टोमॅटो, आणि गॅस मोठा. ओरेगॅनोची पुडी असेल तर घाला, पण ओरेगॅनो आणि कांदा-लसूण दोन्ही सढळ हातानं घातलं तर दोघांची भांडणं लागतात, एकाला पाटीलकी द्या.

टोमॅटोचं पाणी आटून कडेनं तेल दिसायला लागेपर्यंत सहा-सात मिनिटं. आपले टोमॅटो आंबट आणि पाणचट, सॉसच्या पाकिटावर चित्र असतं तसले गोड नव्हेत, त्यामुळं सुपारीएवढा गुळाचा खडा टाका. साखरेपेक्षा गूळ बरा, आंबटपणा मारतो आणि रंगही खोल येतो, आणि कोल्हापुरात राहून गूळ सोडून साखर कशाला. मीठ आत्ता अजिबात घालू नका. चटणीत आहे, पास्त्याच्या पाण्यात आहे, चीजमधे आहे, भडंगात आहे. शेवटी चाखून लागलं तर.

मग गाळलेला पास्ता कढईत आणि ते फुलपात्रातलं अर्धं पाणी. ते पाणी म्हणजे भाताची पेज समजा, त्यातल्या पिठूळपणामुळं तेल आणि टोमॅटोचं पाणी एकजीव होतं, नाहीतर पास्ता वेगळा, तेल वेगळं, खाली पाण्याचं डबकं. मोठ्या गॅसवर दीड-दोन मिनिटं जोरात हलवायचं, उलथन्यानं चेपायचं नाही, तळातनं वर उचलायचं. सॉस पास्त्याला चिकटून चकाकायला लागला की गॅस बंद. बंद केल्यावरच एक चमचा लोणी आणि दोन चीज क्यूब किसून. चीज उकळत्यात घातलं की तार सुटते आणि मग गोळा होतो आणि दोष परत पास्त्याला. लोण्यानं दोन कामं होतात, मिरचीचा जाळ स्निग्धात विरघळतो म्हणून तिखट सौम्य लागतं, आणि पास्त्यावर तो पातळ पडदा बसतो त्यामुळं वरच्या भडंगाला ओल जरा सावकाश लागते.

पोरांना गुलाबी पास्ता हवा असतो, तर दूध थेट ओतू नका, टोमॅटोच्या आंबटपणानं फाटतं आणि पनीरच्या कण्या पोहतात. दुधावरची साय दोन चमचे घ्या, गोकुळची असू दे नाहीतर गंगावेशच्या दूधकट्ट्यावरनं आणलेल्या म्हशीच्या दुधाची, चमच्यानं फेटून, गॅस बंद केल्यावर, चीजच्या आधी. पांढरा सॉस करायचा असेल तर दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, अर्धा लिटर दूध, बास, पण त्या दिवशी वरचं भडंग दुप्पट तिखट पाहिजे. आमच्या क्लासमधल्या पोरी लाल आणि पांढरा दोन्ही करून त्याला तांबडा-पांढरा म्हणतात, करायला हरकत नाही, पण रविवारी, मंगळवारी नव्हे.

आता वाढणं. कढई टेबलावर, कुरकुरीत ताट शेजारी, चमचा वेगळा कोरडा. प्रत्येकाच्या ताटात पास्ता वाढल्यावर मिनिटभर थांबा, भसाभस वाफ निघते ती जाऊ दे, मग दीड-दोन चमचे वरनं. पोरांना त्यांच्या हातानं घालू द्या, कधी संपलं कळत नाही, आणि संपल्यावर परत घेता येतं, प्रत्येक घास नवा कडक. सासऱ्यांच्या ताटात मी काय करेन तर तीन चमचे भडंग, वर जाडी शेव, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. नाव पास्त्याचं आणि खाणं मिसळीचं. "चावायला काय हाय" म्हणणार नाहीत. दात कवळीचे असतील तर मात्र शेंगदाणे वेचून घ्या आणि शेव जाडी नको.

बारानंतर येणाऱ्या नवऱ्याचं. त्याचा पास्ता सॉसमधे घालून ठेवू नका, चार तासांत सगळा रस पिऊन टाकतो आणि गार होताना आतला स्टार्च कडक होतो, शिळ्या भातासारखं. 100 ग्रॅम पास्ता उकडून गाळून, अर्धा चमचा तेल चोळून डब्यात, सॉस वेगळ्या वाटीत, वाटी-डबा दोन्ही गार झाल्यावर फ्रिजमधे. भडंग-चुरा फ्रिजमधे नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर, पूर्ण गार झाल्यावरच. तो आल्यावर कढईत सॉस आणि अर्धी वाटी पाणी उकळायचं, पास्ता त्यात दोन मिनिटं, झालं. इथं तेल चोळायला सांगते आणि वर उकडताना तेल नको म्हटलं, दोन्हीत गल्लत नको, हा साठवायचा पास्ता आहे, हा नुसता पडून राहणार आहे. सकाळच्या डब्याला पण हेच, सॉस जरा पातळ ठेवा आणि कुरकुरीत वेगळ्या छोट्या डबीत. मुलगी आठवीत आहे, ती स्वतः घालून घेईल, धाकट्याच्या डब्यात देऊ नका, तो बसमधेच नुसतं भडंग खाऊन टाकणार.

कुकरमधे होतं का हे सगळे विचारतात म्हणून. होतं. पण पास्त्याचा फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो, कुकर निम्म्याच्या वर भरला तर धोका आहे, आणि एका शिट्टीत शिजला की दोन शिट्टीत गेला हे तुमच्या कुकरवर अवलंबून. सात-आठ मिनिटं वाचवायला मी ते करत नाही. ओव्हन असेल तर ब्रेडचा चुरा लोण्यात कालवून वर पसरून 200 अंशावर दहा मिनिटं छान होतो, पण भडंग तिथंही आत घालायचं नाही, त्यातली मिरची-लसूण करपते, बाहेर काढल्यावर वरनं.

आणि उरलेल्या मिसळीच्या कटात पास्ता घालू का असं माझ्याकडं एका बाईंनी विचारलं होतं, तर मी करून बघितलंय, एक डाव कट टोमॅटोत चालतो, दोन डाव झाले की तर्री वर येते आणि मग पोरं पाणी पित बसतात.

वेफर्सच पाहिजेत म्हणून धाकटा हट्ट धरेल, तर साधे खारे घ्या, तेही ब्रेडच्या चुऱ्यात मिसळून, भडंगाच्या जागी, बाकी सगळं तसंच. चुरायचे असतील तर पाकीट न फोडता आधी सुईनं एक भोक पाडा, हवा जाऊ दे, मग वरनं लाटणं फिरवा. फुगलेल्या पाकिटावर थेट लाटणं घातलं की ते फुटतं आणि वेफर्स फ्रिजच्या मागंपर्यंत जातात, आणि ते वेचायचा वेळ मी अर्ध्या तासात धरलेला नाही.